वाचकाला दोष देण्याआधी

इथे नॉर्वेत ईस्टरच्या सुट्टीत केबिनवर जाताना एक नवी मराठी रहस्यकादंबरी बरोबर घेतली होती. कथानक मिरजेचं, म्हणून मुद्दाम मागवलेली. एकशे दहाव्या पानावर मिटली ती मिटलीच. त्याच रात्री मावसभावाने पुण्यातल्या एका परिसंवादाचं चित्रण पाठवलं. मंचावरचे एक प्रकाशक ठासून सांगत होते की मराठीत थरारकथा चालत नाही, कारण वाचक बिघडलाय. मोबाइलमुळे त्याला धीर उरलेला नाही, म्हणून प्रकरणं दोन-दोन पानांची करा आणि प्रत्येकाच्या शेवटी धक्का द्या. सभागृहात टाळ्या पडल्या. माझा राग आठवडा उलटला तरी उतरलेला नाही.

मोबाइल इथेही आहेत. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या हातातून तो सुटत नाही. तरी तिने दोन दिवसांत चारशे पानांची क्रिम, म्हणजे इथली गुन्हेकथा, संपवली आणि रात्री अंगणापलीकडच्या खोपटातून लाकडं आणायला साफ नकार दिला. ईस्टरला इथे दुधाच्या खोक्यावरही रहस्यकथा छापतात; सकाळी तिने तीही चवीने वाचली. ही मुलगी बिघडलेली वाचक आहे का?

माझ्या हातातल्या पुस्तकात धक्क्यांची कमी नव्हती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी दार ठोठावतं, फोन वाजतो, दिवे जातात, आणि पुढच्या पानावर कळतं की शेजारीण विरजण मागायला आली होती. असं तीनदा झालं की चौथ्या वेळी आपण घाबरत नाही, कारण लेखक हे मागे घेणार हे आपल्याला कळून चुकलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे गोष्ट सांगणारी बाईच दारातल्या माणसाला ओळखते, ‘तो तोच होता’ असं म्हणते, आणि नाव मात्र सत्तर पानं दाबून ठेवते. तिला माहीत आहे, लेखकाला माहीत आहे, फक्त मला सांगायचं नाही. याला उत्कंठा म्हणत नाहीत, ही लपवाछपवी झाली. संकटातल्या माणसाला जेवढं कळलंय तेवढं मला कळू द्या, शक्य तर थोडं जास्त. मग मी पहाटेपर्यंत जागी राहीन.

आणि तो डीएनएचा अहवाल! दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टरच्या टेबलावर हजर. आपल्याकडे न्यायसहायक प्रयोगशाळेतून अहवाल यायला महिने जातात, हे कोर्टाची पायरी चढलेला कुणीही सांगेल. ती वाट पाहणं हाच तर खरा थरार आहे. खुनाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असताना ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झालं नाही, तर जामीन हा त्याचा हक्क होतो. म्हणजे कायद्यानेच लेखकाच्या हातात चालतं घड्याळ दिलंय. पंचनाम्यावर सही करणारा चौकातला पानवाला, खटला उभा राहीपर्यंत फितूर होणारा साक्षीदार, सातबाऱ्यावर गुपचूप झालेला फेरफार: एवढी भीती आपल्या घरात पडलेली असताना लेखक मात्र परदेशी मालिकांतली प्रयोगशाळा उचलून आणतो.

इथले रहस्यकथाकार यू नेस्बो यांचा गुप्तहेर पोलीस हॅरी ऑस्लोच्या सोफिएस गाते या गल्लीत राहतो. ती गल्ली खरी आहे. मी तिथून कितीदा चालत गेले आहे. १९६५ पासून इथली कला परिषद नव्या पुस्तकांच्या प्रती विकत घेऊन वाचनालयांना देते, म्हणून लेखकाला दम धरता येतो. हे म्हटलं की तिकडचे म्हणतात, तुमचं बरं आहे. पण बाबूराव अर्नाळकरांना कुठल्या परिषदेने पोसलं होतं? हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. माझे वडील दिवसभर दुकानात उभे राहून थकून यायचे आणि जेवणाचं ताट समोर असताना ‘झुंजार’ वाचायचे. आई आमटी दोनदा गरम करायची. तो वाचक कमी थकलेला नव्हता.

इथल्या ईस्टर-क्रिमची, म्हणजे ईस्टरच्या सुट्टीत गुन्हेकथा वाचायच्या प्रथेची, सुरुवात रेल्वेने झाली. २४ मार्च १९२३ रोजी ‘आफ्तनपोस्तन’ या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकलं की बर्गनची गाडी रात्री लुटली गेली. ती होती दोन तरुणांनी टोपणनावाने लिहिलेल्या कादंबरीची जाहिरात, पण बातमीसारखी छापलेली. लोकांना खरी वाटली. सुट्टीला निघालेलं आपलं माणूस त्याच गाडीत असलं तर, हा घोर लागला. त्या एका ओळीने जे केलं ते माझ्या हातातल्या कादंबरीला एकशे दहा पानांत जमलं नाही.

हे सगळं मी मावसभावाला फोनवर तावातावाने सांगितलं. म्हटलं, या लेखकाने मिरज जंक्शन पाहिलेलंच नाही. खुनी पळतो ते स्टेशन कुठलंही असू शकतं. छोट्या, म्हणजे नॅरोगेज गाडीच्या फलाटाकडे केवढा अंधार असायचा! पंढरपूरहून रात्री उतरलो की आई माझं मनगट घट्ट धरायची. खुनी तिकडे का गेला नाही?

तो जरा थांबला. मग म्हणाला, “ताई, छोटी गाडी बंद होऊन किती वर्षं झाली. रूळ रुंद झाले की. तू सांगतीयस ते स्टेशन आता नाही.”

मला उत्तर सुचलं नाही. फोन ठेवून मी लाकडं आणायला त्या खोपटात गेले, टॉर्च न घेता. मुलीला तिथली भीती वाटते, कारण ती लहानपणापासून त्या अंधारात लपाछपी खेळली आहे. मला काहीच वाटलं नाही. अठरा वर्षं झाली इथे, आणि ते काहीच न वाटणं मला फार लागलं. मी भ्यायचे तो फलाट आता नाही. इथल्या अंधारात माझं काही हरवलेलं नाही.

डीएनएचा अहवाल तरीही एका रात्रीत येत नाही, आणि वाचक बिघडलेला नाही, यावरून मी हटणार नाही. पण स्टेशनबद्दल मी बोलले ते कदाचित त्या लेखकावर अन्याय करणारं होतं. काल भावाला पुन्हा फोन केला. म्हटलं, एकदा रात्री अकराला जाऊन ये, आणि छोटी गाडी लागायची तिथे आता काय आहे, दिवे असतात का, कोण बसलेलं असतं, ते मला नीट सांग. त्याचा फोन आला की एकशे अकरावं पान उघडणार आहे.