कर नाही म्हणून मत नाही? तो मेसेज पुढे ढकलू नका

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: अमेरिकेच्या पोर्तो रिको बेटावरच्या लोकांना राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही, कारण ते नागरिक नाहीत, कर भरत नाहीत आणि त्यांना मत नकोच आहे, लांबच्या बेटांबाबत सगळे देश असंच करतात, म्हणून भारतातही फक्त करदात्याला मत द्या. माझी भाची सोलापुरात सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करते. तिने हा मजकूर राज्यशास्त्राच्या वहीत लाल शाईची चौकट करून उतरवून घेतलाय. ते बघून गप्प बसवेना.

नागरिक नाहीत, हे धडधडीत खोटं. १८९८ च्या युद्धानंतर स्पेनकडून ते बेट अमेरिकेकडे गेलं आणि १९१७ च्या कायद्याने तिथले लोक अमेरिकेचे नागरिक झाले. तिथला माणूस फ्लोरिडात राहायला गेला की मतदार होतो. फ्लोरिडाचा माणूस बेटावर स्थायिक झाला की त्याचं राष्ट्राध्यक्षासाठीचं मत जातं. तोच नोकरीसाठी सोलापुरात येऊन राहिला, तर मात्र फ्लोरिडाचा मतदार म्हणून टपालाने मत देऊ शकतो. काय न्याय आहे हा!

आता कराचा मुद्दा. बेटावरच्या कमाईवर बहुतेकांना संघीय आयकर लागत नाही, एवढं मान्य करावं लागेल. पण सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन वगैरे) आणि मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा आरोग्य विमा) यांचे कर त्यांच्याही पगारातून कापले जातात. आणि कर भरून मत मिळत असतं, तर राजधानी वॉशिंग्टनचे लोक पूर्ण आयकर भरूनही १९६१ च्या घटनादुरुस्तीपर्यंत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबाहेर का होते? खरं कारण असं, की अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी राज्यं नेमतात, आणि पोर्तो रिको राज्य नाही.

त्याला राज्याचा दर्जा न देता ताब्यात ठेवणं कायदेशीर कसं ठरलं, ते १९०१ च्या डाउन्स विरुद्ध बिडवेल खटल्यात दिसतं. भांडण होतं संत्र्यांचं. पोर्तो रिकोची संत्री न्यूयॉर्क बंदरात उतरली आणि त्यांच्यावर जकात लावली गेली. देशातल्या देशात जकात कशी, असा व्यापाऱ्याचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने जकात कायम ठेवली: बेट अमेरिकेच्या मालकीचं, पण करांच्या बाबतीत अमेरिकेचा भाग नाही. निकालात 'परक्या वंशां'ची भाषा उघड आहे. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती गोर्सच यांनी लिहिलं, की हा आणि बेटांबाबतचे असे निकाल वांशिक पूर्वग्रहांवर उभे आहेत, त्यांना कायद्यात जागा नको. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं एक मत वाचलं असतं तरी पुरे होतं.

आणि ती शेवटची ओळ! करदात्यालाच मत? सोलापुरात घराघरात विड्या वळणाऱ्या बायका आयकराचं विवरणपत्र भरत नाहीत. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी घ्यायची आणि साबणापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत जीएसटी मोजायचा. त्यांचं मत काढून घ्यायचं? इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण यांना बांधलेला होता, म्हणून बहुसंख्य प्रौढ यादीबाहेर होते. आपल्या संविधानाच्या कलम ३२६ ने ते संपवलं. १९३० साली ज्या शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि ज्याचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले, त्या शहरात लोक हा मेसेज पसंतीचा अंगठा टाकून पुढे पाठवतात, याचा मला खरोखर संताप येतो.

मत नकोच आहे म्हणे. राज्य व्हावं की नाही यावर बेटावर मतभेद आहेत, खरंय. पण २०२० च्या सार्वमतात निम्म्याहून जास्त मतं राज्याच्या बाजूने पडली. पुढचा निर्णय अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या हातात, आणि तिथे त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा हक्क नाही.

सगळे देश असं करत नाहीत. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटाचे लोक फ्रान्सचा अध्यक्षही निवडतात आणि खासदारही. आपल्या अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपमधून १९६७ पासून खासदार थेट निवडून येतात, आणि राष्ट्रपतीच्या निवडणुकीत ते मतही देतात. त्यांना स्वतःची विधानसभा नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. मेसेज लिहायचाच असेल तर त्यावर लिहा.