‘हट्टी आहे हो, त्याला तपासायला कशाला नेता?’

वडोदऱ्यात गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर गुजरातीत, माहेरच्या ग्रुपवर मराठीत, आणि जुन्या पालकांपैकी एकाने वेगळा पाठवला, खाली ‘बेन, वांचजो’ (बाई, वाचा) असं लिहून. विषय ऑटिझमचा, म्हणजे इतरांशी बोलण्या-मिसळण्यात आणि आवाज-स्पर्श झेलण्यात मूल मुळातच वेगळं असण्याचा. मजकूर थोडक्यात असा:

‘ऑटिझम हा आजार नाही, धंदा आहे. हट्टी, मारकुट्या, उशिरा बोलणाऱ्या मुलांवर शिक्का मारायची नवी फॅशन. आपल्या काळी असलं काही नव्हतं. मोबाइल बंद करा, आईने घरात लक्ष द्यावं, दोन धपाटे घाला, ४० दिवसांत मूल ताळ्यावर येतं. मूल डोळ्यांत बघतं, गळ्यात पडतं, मग कसला ऑटिझम? घरात तीन भाषा असल्या की मुलगे उशिराच बोलतात. लस देऊन मुलं बिघडवतात. एकदा शिक्का बसला की शाळा गेली, लग्न गेलं. तपासणी टाळा.’

सोडून दिला असता. पण खालच्या मजल्यावरची सून तोच मेसेज घेऊन वर आली. तिचा मुलगा साडेतीन वर्षांचा. दोन महिने थांबल्यावर त्याच्या तपासणीसाठी मंगळवारची वेळ मिळालीय, आणि सासरे म्हणतात, रद्द कर. मी डॉक्टर नाही. रावपुऱ्याजवळच्या एका बालवाडीत २६ वर्षं काढली, एवढीच माझी पात्रता. पण या मेसेजातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी कधी ना कधी स्वतः पालकांना ऐकवलेलं आहे, म्हणून उत्तरही मीच दिलेलं बरं.

‘आपल्या काळी नव्हतं.’ होतं, नाव नव्हतं. गल्लीत एक ‘वेडा बंडू’ असायचाच, दिवसभर ओट्यावर बसून चाक फिरवणारा. त्याला शाळेत कुणी घातलंच नाही, मग शाळेत दिसणार कुठून? सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, याचा आम्हा बडोदेकरांना फार अभिमान. पण सक्ती कागदावर असली तरी न बसणारं मूल मास्तर चार दिवसांत घरी पाठवत, हेही आपल्याच आजोबांनी सांगितलेलं आहे. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांची वर्णनं छापून ऑटिझमला आजचा अर्थ दिला तो १९४३ साली. म्हणजे फॅशन म्हणावी तर ती माझ्याहूनही म्हातारी आहे.

तेच वर्ष मोबाइलवाल्या मुद्द्यालाही पुरतं. त्या ११ मुलांपैकी कुणाच्या हातात मोबाइल होता? सध्या ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द फिरतोय. डॉक्टर निदानासाठी जी दोन मोठी वर्गीकरणं वापरतात, अमेरिकेतलं डीएसएम आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी, त्या दोन्हींत असं निदान नाही. याचा अर्थ मोबाइल द्या असा मुळीच नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन नको, दोन ते चार वयात दिवसाला तासाच्या वर नको, हे जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१९ साली सांगितलंय. पण मोबाइल काढून घेतल्यावर घरातली मोठी माणसं मुलाशी बोलू-खेळू लागतात, आणि त्याने कुठलंही मूल थोडं खुलतं, ऑटिझम असलेलंही. ‘बघा, सुधारला, म्हणजे ऑटिझम नव्हताच’ हा हिशोब तिथेच चुकतो. शिवाय उलटंही घडतं: ज्या मुलाला इतर मुलांशी खेळता येत नाही, ते गप्प बसावं म्हणून त्याच्या हाती मोबाइल येतो. तेव्हा मोबाइल बंद करा, जरूर करा, आणि मंगळवारी तपासायलाही न्या. यातलं एक केलं की दुसरं करायचं नाही असं कुणी सांगितलं?

आता धपाटे. इथे मला जरा वेळ लागणार आहे.

नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. आमच्या भाषेत ‘तोफानी’. रोज अकराच्या सुमाराला शेजारच्या मुलाला चावायचा, रोज नवा शेजारी. मी त्याला व्हरांड्यात उभा करायची. प्रगतिपत्रकावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘ऐकत नाही, मारतो, घरी शिस्त लावावी.’ आईने लावली असणार, कारण एकदा त्याच्या पोटरीवर वळ दिसले होते. मग पावसाळ्यात एकदा शाळेची घंटा, म्हणजे दोरीला टांगलेला रुळाचा तुकडा, दोरी तुटून पडली. आठवडाभर कुणी बांधलाच नाही. डब्याची वेळ झाली की शिपाई मावशी दारात येऊन हाक मारायच्या. त्या आठवड्यात तो एकदाही चावला नाही. सोमवारी घंटा परत टांगली. ती वाजायच्या आधी मी मुद्दाम त्याच्याकडे बघत बसले. मावशींनी लोखंडी दांडा उचलला, आणि तो वाजण्याआधीच, नुसता उचललेला दिसल्यावर, त्याने दोन्ही हात कानांवर दाबले, खांदे वर ओढले आणि समोर आलेल्या पहिल्या दंडाला दात लावले.

दोन वर्षं मी त्याला आवाज सहन होत नाही म्हणून व्हरांड्यात उभं करत होते. घंटेच्या बरोबर खाली.

हट्ट आणि हे, यांतला फरक दिसायला डोळा लागतो, पण दिसतो. मंगळबाजारात फुग्यासाठी रस्त्यावर लोळणारं मूल एका डोळ्याने आईकडे बघत असतं. फुगा मिळाला की रडणं बंद. दुसऱ्या प्रकारात फुगा द्या, बिस्किट द्या, कडेवर घ्या, काही लागू पडत नाही, कारण मागणी कसलीच नसते. मूल ओसंडून गेलेलं असतं. गर्दी, ट्यूबलाइटची चुरचुर, गणवेशाच्या कॉलरमागची टोचणारी पट्टी, नेहमीचा रस्ता सोडून रिक्षा भलतीकडे वळणं. नवरात्रात मैदानावरचे स्पीकर सुरू झाले की अशा घरांचे नऊ दिवस कसे जातात ते त्यांनाच विचारा. अशा वेळी धपाटा म्हणजे आधीच उतू चाललेल्या दुधाखालचा गॅस मोठा करणं. (एकच मूल सकाळी हट्ट करतं आणि संध्याकाळी ओसंडतं, असंही असतं, दोन्हींना एकच औषध चालत नाही, एवढंच.) आणखी एक: ज्याला ‘पोट दुखतंय’ म्हणता येत नाही तो मारतो. बद्धकोष्ठ, कान दुखणं, दाढ, अपुरी झोप, हे सगळं वागण्यातूनच बाहेर येतं. म्हणून ‘फक्त वागण्याचा तर प्रश्न आहे, डॉक्टर कशाला’ हे वाक्य उफराटं आहे. वागणं बिघडलंय हेच विचारायला जायचं कारण.

‘आईने घरात लक्ष द्यावं.’ हे तर जुनं पाप. आईबाप थंड असतात म्हणून मुलं अशी होतात, असं कॅनरच्या काळात खरोखर मानत, आणि ‘फ्रिजसारख्या आया’ असा शब्दप्रयोगही तेव्हाचा. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने ते मोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. पुढे जुळ्यांचे अभ्यास झाले आणि आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा असल्याचं दिसलं. आईची नोकरी त्या यादीत नाही. साठ वर्षं झाली हे खोटं ठरून, तरी आमच्या जिन्यात अजून सुनेलाच ऐकावं लागतं.

लशीचं दोन ओळींत आटोपते. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने १२ मुलांवरून लशीमुळे ऑटिझम होतो हा संशय पेरला. तो लेख छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली तो मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या नोंदवहीतून वेकफिल्डचं नाव काढून टाकलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा मागोवा घेऊन २०१९ साली छापलेल्या अभ्यासातही गोवराच्या लशीचा आणि ऑटिझमचा संबंध सापडला नाही.

‘डोळ्यांत बघतं, गळ्यात पडतं.’ पडू दे की. ऑटिझम असलेली मुलं माया करत नाहीत हे कुणी पसरवलं कोण जाणे. माझ्या हाताचा रोज वास घेऊन मगच वर्गात शिरणारी एक मुलगी होती. तिच्याइतकं माझ्यावर दुसऱ्या कुणी प्रेम केलेलं नाही. बघायचं असतं ते वेगळं. आकाशात पतंग दिसला तर बोट दाखवून, वळून तुमच्याकडे बघतं का, ‘तूही बघ’ म्हणून? उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, आमच्या गच्चीवर ही परीक्षा आपोआप होते. हवी ती वस्तू मिळवायला तुमचा हात धरून नेणं निराळं, आणि नुसती गंमत वाटून घ्यायला बोट दाखवणं निराळं. दीड वर्षापर्यंत हे दुसरं बोट यायला हवं. मुली तर आणखी निसटतात, कारण त्या दुसऱ्यांचं बघून तसं वागून घेतात. ‘लाजाळू आहे’ म्हणून आपण मोकळे.

तीन भाषांचा मुद्दा वडोदऱ्यात घरोघरी ऐकू येतो. आजी मराठी, जिना गुजराती, शाळा इंग्रजी, मग पोर बिचारं गोंधळणारच! नाही गोंधळत. अनेक भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. सगळ्या भाषांचे शब्द एकत्र मोजा: पाणी, चलो, बॉल, तीन झाले. असे मोजूनही १६ महिन्यांत एक शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्दांचं स्वतःचं वाक्य नाही, किंवा वर्षाचं मूल नावाला वळत नाही, तर थांबू नये. आलेले शब्द गेले तर एक दिवसही थांबू नये. ‘मुलगे उशिरा बोलतात’ यात तथ्य आहे ते थोड्या फरकाचं, वर्षाचं नाही.

आणि ‘शिक्का’. मुळात तपासणी हा प्रश्न आहे, उत्तर नाही. एका मुलीबद्दल मला खात्री होती. हाकेला वळत नव्हती, एकटीच खेळायची, कुणी मागून हात लावला की किंचाळायची. मीच आईला सांगितलं, जाऊन या. पहिल्याच टप्प्यावर कान तपासले, तर दोन्ही मधल्या कानांत पाणी साठलेलं. लहानशी शस्त्रक्रिया झाली आणि दिवाळीनंतर बाई अशा बोलू लागल्या की मीच कधीकधी व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. मी चुकले होते, आणि ते कळलं तपासणीमुळेच. तपासल्यावर ऑटिझम निघेल, चंचलतेचा त्रास निघेल, दोन्ही निघतील किंवा काहीच निघणार नाही.

निघालाच, तरी तो कागद तुमच्या फाइलमध्ये असतो. शाळेला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवता. अपंगत्वाचं प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट, ते तुम्ही अर्ज केला तरच मिळतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत लाखापर्यंतचा आरोग्यविमाही. म्हणजे शाळा जाते कुठे, उलट शाळेला नाही म्हणता येत नाही. लग्नाचं काय ते साडेतीन वर्षांच्या पोराच्या बाबतीत मी बोलणार नाही.

‘धंदा आहे’ या एका शब्दावर मात्र मी मेसेजवाल्याशी भांडणार नाही. धंदा करणारे आहेत. दहा मिनिटांत निदान आणि अकराव्या मिनिटाला वर्षाचं थेरपी पॅकेज हातात देणारेही आहेत. स्टेम सेलने, म्हणजे मूळ पेशी टोचून, ऑटिझम बरा करतो म्हणणारे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे उपचार देणं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं, तरी जाहिराती दिसतात. रक्ताच्या चाचणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये ऑटिझम दिसत नाही, तेव्हा त्यासाठी महागड्या चाचण्या सुचवल्या तर कशासाठी ते विचारा. नीट तपासणीत कानांची परीक्षा असते, जन्मापासूनचे प्रश्न असतात, मुलाशी जमिनीवर बसून खेळणं असतं. आपल्याकडे बौद्धिक अपंगत्वासाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेली, ऑटिझम मोजायची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात, ती पाच मिनिटांत भरता येत नाही. पैशांची अडचण असेल तर अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा. २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे, वाढीतला उशीर त्यात येतो आणि तपासणी फुकट असते.

खालच्या सुनेला मी एक वही दिलीय. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहायच्या: आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. ‘खूप त्रास दिला’ असं लिहायचं नाही. ‘कुकरची दुसरी शिट्टी झाली, भिंतीवर डोकं आपटलं, २० मिनिटं’ असं लिहायचं. दोन-तीन व्हिडिओ, एक चिडल्याचा आणि एक नुसता खेळतानाचा, कारण दवाखान्यात तो कदाचित देवासारखा शांत बसेल आणि डॉक्टर म्हणतील, दिसत तर काही नाही. बालवाडीच्या बाईंची चिठ्ठी.

सासऱ्यांनी काल संध्याकाळी ती वही मागून घेतली आणि चष्मा लावून दोन पानं वाचली. बोलले काहीच नाहीत. वेळ मंगळवारी साडेदहाची आहे, पण तिथे तासभर तरी बसावं लागतं. पाण्याची त्याची निळी बाटलीच घे, दुसरी चालणार नाही, असं मी तिला दोनदा सांगितलंय. आणि डब्यात पोळीचे तुकडे, भाजी न लावता.