"वार करायचा प्रयत्न करतो"

परवा ओळखीतल्या एकांनी विचारलं, "अजून खेळतेस का गं तू ते?" आणि त्या 'अजून'वर इतका जोर होता की मी हो म्हणून विषयच बदलला. नंतर रात्रभर वाटत राहिलं की नीट सांगायला हवं होतं. म्हणून इथे लिहितेय, लांब होणार आहे, वेळ असेल तेव्हाच वाचा.

मी रोलप्ले करते, म्हणजे ऑनलाइन गेममध्ये एक कॅरेक्टर घ्यायचं आणि ते काय करतं, काय बोलतं हे बाकीच्यांबरोबर ओळी लिहून खेळायचं, गेली नऊ वर्षं. माझं कॅरेक्टर म्हणजे एक म्हातारा नावाडी, गुडघे दुखतात, बोलतो कमी. लढाया, लेव्हल, लूट यात मला कधीच रस नव्हता, मी फक्त लोकांना या काठावरून त्या काठावर सोडायचे. खरं तर त्या गेममध्ये मॅपवर क्लिक केलं की दोन सेकंदात पलीकडे जाता यायचं, तरी लोक माझ्या होडीत बसायचे आणि वीस-पंचवीस मिनिटं घालवायचे, कारण होडीत बसलं की माणूस बोलतो. खेळात सगळे मला आजोबा म्हणायचे आणि डबल कंसात, म्हणजे कॅरेक्टर बाजूला ठेवून बोलायचं असेल तेव्हा, ताई.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की रोलप्ले म्हणजे मोठ्या माणसांची भातुकली, जे मनात येईल ते लिहायचं. तसं अजिबात नाहीये. पहिल्याच आठवड्यात मला एका जुन्या खेळाडूने थांबवलं होतं. मी लिहिलं होतं, "नावाडी वल्हं फिरवतो आणि चोराच्या डोक्यात घालतो, चोर पाण्यात पडतो." त्याने कंसात लिहिलं, ताई, चोर माझा आहे, तो पडला की नाही हे मी सांगणार. तुम्ही लिहा 'घालायचा प्रयत्न करतो' आणि थांबा. बस, एवढंच. दुसऱ्याच्या कॅरेक्टरचं काय झालं हे आपण परस्पर ठरवलं तर त्याला गॉडमॉडिंग म्हणतात आणि रोलप्लेमध्ये यासारखा दुसरा गुन्हा नाही. मला तेव्हा जरा लागलं होतं पण नंतर जसजशी खेळत गेले तसं कळलं की अख्खा डोलारा त्या 'प्रयत्न करतो'वर उभा आहे. आपण अर्धं वाक्य लिहायचं आणि उरलेलं समोरच्यासाठी सोडायचं. मी स्वतः ऑफिसात, घरात इतकी सवड कोणाला देत नव्हते, खरंच सांगते.

आणि हा नियम कोणी उगाच काढलेला नाही. मजकुरावर चालणारी असली जगं १९७८ पासून आहेत, एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी पहिलं मड, म्हणजे अनेकांनी मिळून नुसतं लिहून खेळायचा गेम, बनवला तेव्हापासून. पुढे १९९० मध्ये झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात पाव्हेल कर्टिसने लॅम्डामू सुरू केलं, तेही नुसतं मजकुराचं. १९९३ मध्ये तिथे एकाने व्हूडू बाहुली नावाचा छोटा प्रोग्रॅम वापरून दुसऱ्यांच्या कॅरेक्टरच्या नावाने स्वतःच ओळी टाकल्या, अत्यंत घाणेरड्या, आणि सगळ्यांच्या देखत. ज्यांची ती कॅरेक्टर होती ते स्क्रीनसमोर बसून वाचत होते आणि काही करू शकत नव्हते. 'नुसते शब्दच तर होते' असं म्हणणारे तेव्हाही होते. पण तिथल्या लोकांनी ते तसं सोडलं नाही, तीन-तीन दिवस वाद घातले, शेवटी ते अकाउंट उडवलं गेलं आणि पुढे अर्ज करून मतदानाने निर्णय घ्यायची पद्धत आली. मला हे फार मोठं वाटतं. लोकांनी स्वतःचं गाव स्वतः चालवायला घेतलं ते या एका प्रश्नावरून, की माझ्या कॅरेक्टरच्या तोंडी कोण शब्द घालणार.

आता होडीतली एक गोष्ट. एक तरुण सैनिक रोज यायचा, भरपूर बडबड्या. एका रात्री तो येऊन नुसता उभा राहिला, काहीच लिहिना. मग कंसात आलं, ((ताई, वडिलांना आयसीयूत ठेवलंय, मी बाहेर बाकावर आहे, आज लिहायला जमणार नाही पण होडीत बसू का)). मी काही विचारलं नाही. लिहिलं, "नावाडी घोंगडी झटकून बाजूला ठेवतो, होडी सोडतो." मग फक्त वल्ह्याचा आवाज, पाणी, काठावरचे दिवे, दर दोन-तीन मिनिटांनी एक ओळ. मधेच आमच्या गटातली वैद्यबाई आली, ती पण न बोलता बसली, मग अजून दोघं. पहाटेपर्यंत आम्ही नदीच्या त्याच वळणावर फेऱ्या मारत होतो. सकाळी त्याने लिहिलं, शुद्धीवर आले. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही.

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनबद्दल तुम्ही वाचलं असेल. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू निकामी होत जाणारा आजार, २०१४ मध्ये २५ व्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटत होतं पोरगं एकटंच राहिलं आयुष्यभर. मग वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर तो गेल्याचं लिहिलं आणि मेलवर मेल यायला लागले, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधल्या त्याच्या रोलप्ले गिल्डचे, म्हणजे खेळाडूंच्या गटाचे लोक, स्टारलाइट नाव तिचं, तिथे त्याच्या कॅरेक्टरचं नाव इबेलिन होतं. वेगवेगळ्या देशांतून माणसं अंत्यसंस्काराला आली. आणि त्या गिल्डने संभाषणं जपून ठेवली होती म्हणून तो तिथे कसा जगला हे आज जगाला कळतं.

ही जपून ठेवायची गोष्ट मला डाचते. आमचं जग बंद झालं तेव्हा कंपनीने एक महिन्याची नोटीस दिली, शेवटची तारीख, उरलेल्या क्रेडिटचं काय, एवढंच. चॅट डाउनलोड करायची काहीच सोय नव्हती. आम्ही सात-आठ जण रात्र-रात्र बसून स्क्रोल करून कॉपी-पेस्ट करत होतो, जमलं तेवढं जमलं, सैनिकाच्या त्या रात्रीचं काही सापडलं नाही. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, नाही परवडलं तर बंद करणार, यावर माझं भांडण नाहीच. पण तिथे लोकांनी लिहिलेलं आहे ते त्यांचं आहे, ते त्यांना एका फाइलमध्ये द्यायला काय जातं? सिटी ऑफ हीरोज हा ऑनलाइन गेम बंद होणार म्हटल्यावर खेळाडू गेममधल्याच अ‍ॅटलस पार्कमध्ये मशाली घेऊन जमले होते, तरी ३० नोव्हेंबर २०१२ ला तो बंद झालाच, आणि चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरला अधिकृत परवाना मिळायला जानेवारी २०२४ उजाडलं. सगळ्यांच्या नशिबात तेवढं कुठून असणार.

आम्ही आता डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर आहोत, दर शनिवारी रात्री. नदीचं चित्र नाही, होडी नाही, सगळं लिहूनच. सैनिक असतो, वैद्यबाई असते. मागच्या शनिवारी एक नवीन मुलगी आली, तिने पहिल्याच ओळीत माझ्या म्हाताऱ्याला धक्का देऊन पाण्यात पाडलं. मी काही लिहायच्या आत सैनिकाने कंस उघडला होता, ((ताईंचा नावाडी आहे तो, पडला की नाही ते त्या सांगतील, तू लिही धक्का द्यायचा प्रयत्न करते)). तिने सॉरी म्हणून ओळ बदलली आणि थांबली.

मग मी पडले पाण्यात.