'मग्यार' कशाला, 'हंगेरियन' का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या हंगेरीच्या राज्यावरचा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि इतकं सविस्तर कळवलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की 'हंगेरियन' हा शब्द मराठी वाचकाला सहज कळतो, 'मग्यार'चा अर्थही तोच, मग मध्येच हा जड शब्द कशाला? शिवाय हंगेरियन हे हूणांचे वंशज, ते त्यांच्या नावातच दिसतं, असंही तुम्ही लिहिलंय.

अर्थ एकच असता तर मी दुसरा शब्द वापरलाच नसता. माझ्या लेखात 'हंगेरियन' म्हणजे हंगेरीच्या राज्याचा माणूस, मग त्याची भाषा कोणतीही असो; 'मग्यार' म्हणजे मग्यार भाषा बोलणारा. आजच्या हंगेरीच्या नागरिकाबद्दल लिहिताना 'हंगेरियन' पुरतो, आणि तिथे मी तोच वापरलाय. पण लेखाचा विषय एकोणिसावं शतक आहे. तेव्हाच्या राज्यात स्लोव्हाक, रुमानियन, जर्मन, सर्ब, रुथेनियन असे कितीतरी लोक राहत होते. १९१०च्या जनगणनेत, क्रोएशिया-स्लाव्होनिया वगळूनसुद्धा, मग्यार ही मातृभाषा सांगणारे जेमतेम ५४ टक्के भरले. बाकीचे हंगेरीचे प्रजाजन होते, मग्यार नव्हते.

संगीतकार फ्रान्झ लिस्टचंच बघा. १८११ साली हंगेरीच्या राज्यातल्या डोबोर्यान गावी तो जन्मला. घरची भाषा जर्मन. स्वतःला तो अभिमानाने हंगेरियन म्हणवत असे. १८४०च्या जानेवारीत पेश्त शहरात त्याला मानाची तलवार दिली गेली, तेव्हा त्याने उत्तराचं भाषण फ्रेंचमध्ये केलं, कारण मग्यार भाषा त्याला बोलता येत नव्हती. त्याचं गाव आता ऑस्ट्रियात आहे. या माणसाला मी बेधडक हंगेरियन म्हणेन. त्याच्या मातृभाषेबद्दल बोलताना मात्र 'मग्यार' म्हणणं चुकीचं ठरेल.

खुद्द मग्यार भाषेत ही सोय नाही. माणूस, भाषा, राष्ट्र, सगळ्यांना एकच शब्द. (उच्चार 'मॉद्यॉर'च्या जवळ जाणारा, मी मराठी वाचकाला ओळखीचं असलेलं 'मग्यार' ठेवलंय.) देशाचं नावही त्यावरूनच, 'मॉद्यॉरोर्साग', म्हणजे मग्यारांचा देश. त्यामुळे हंगेरीतला स्लोव्हाक म्हणायचं झालं की देशाच्या नावाचं वेगळं विशेषण करून जोडावं लागतं.

आणि इथेच खरं दुखणं आहे. १८४४ पर्यंत राज्यकारभाराची भाषा लॅटिन होती, म्हणजे कुणाच्याच घरची नाही. लॅटिनमधला 'हुंगारुस' हा शब्द कोणतीही भाषा बोलणाऱ्या प्रजाजनाला चालत असे. १८४४ला मग्यार ही राजभाषा झाली. मग १८६८च्या कायद्याने ठरवलं की देशातले सगळे नागरिक मिळून एकच अखंड राजकीय राष्ट्र, आणि त्या राष्ट्राचं नाव मग्यार. त्या कायद्यात इतर भाषांना शाळा-न्यायालयांत जागा दिलेली होती, हे मी नाकारत नाही. पण पुढच्या दशकांत ती जागा आक्रसत गेली, आणि १९०७च्या शिक्षण कायद्याने तर गावशाळांतही मग्यारचा आग्रह धरला. याला इतिहासात मग्यारीकरण म्हणतात. तुमच्या सूचनेप्रमाणे सगळीकडे एकच शब्द वापरला तर मला 'हंगेरियनांचं हंगेरियनीकरण झालं' असं लिहावं लागेल. ज्यांच्यावर ते लादलं गेलं, ती माणसं त्या वाक्यातून नाहीशी होतात. स्लोव्हाकांनी त्यांच्या भाषेत आजही दोन नावं जपली आहेत: जुन्या बहुभाषी राज्याला 'उहोर्स्को', आजच्या हंगेरीला 'माद्यार्स्को'. ते शब्दांचे चोचले पुरवत नाहीत. त्यांचे पूर्वज पहिल्यात होते, दुसऱ्यात नव्हते.

याची दुसरी बाजू आपल्याला जवळची आहे. तिबेटी-इंग्रजी कोश रचणारा चोमा कोरोशी १७८४ साली ट्रान्सिल्व्हेनियात जन्मला आणि १८४२ साली दार्जिलिंगला वारला. तिथे त्याची कबर आहे. मग्यारांचं मूळ शोधायला म्हणून तो आशियात आला होता. तो सेकेय, म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियातल्या मग्यार बोलणाऱ्या एका समाजातला. त्याच्या जन्माच्या वेळी ट्रान्सिल्व्हेनियाचा कारभार हंगेरीहून वेगळा होता, आणि गाव आज रुमानियात आहे. तिथे आजही लाखो लोक मग्यार बोलतात, पासपोर्ट रुमानियाचा. त्यांना नुसतं 'हंगेरियन' म्हटलं तर मराठी वाचक त्यांना हंगेरीचेच रहिवासी समजेल.

हूणांचं थोडक्यात सांगतो. मग्यारांमध्ये अत्तिला हे हूण राजाचं नाव आवडीने ठेवतात, आणि तेराव्या शतकातल्या बखरकारांनी हूणांशी नातं जोडलं, हे खरं. पण 'हंगेरी' हे नाव 'ओनोगुर' या तुर्की टोळीनावावरून आलं असं अभ्यासक मानतात. त्यातला 'ह' लॅटिनमध्ये मागाहून चिकटला. जर्मन 'उंगार' आणि इटालियन 'उंगेरेझे' अजून त्याच्याशिवाय आहेत. हे नाव परक्यांनी दिलेलं. 'मग्यार' मात्र त्यांचं स्वतःचं: दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट सातव्या कॉन्स्टंटाइनने नोंदवलेल्या सात टोळ्यांपैकी एकीचं नाव 'मेग्येर' होतं, ते याच शब्दाचं रूप.

भाषेपुरती तुमची सूचना मला पटते. 'हंगेरियन भाषा' आणि 'मग्यार भाषा' यांत काहीच फरक नाही, तेव्हा पुढच्या भागात तिथे सोपा शब्द घेईन. १९२०च्या तहाने ते जुनं बहुभाषी राज्य तुटलं; त्याआधीच्या माणसांबद्दल लिहिताना मात्र दोन्ही शब्द राहतील.