आकृती १ पाहा

पाणी उलटं फिरू न देणारी एकेरी झडप कशी चालते, यावरचा लेख मी एका दमात लिहून धाडला. संपादकांचं उत्तर आलं, "लेख उत्तम. सोबत एखादं छानसं चित्र द्या." ते 'छानसं' तीन आठवडे माझ्या मानगुटीवर बसलं.

आधी तयार चित्रं धुंडाळली. झडप शोधा, खत शोधा, नाहीतर हृदय. पांढरा कोट घालून परीक्षानळीतल्या निळ्या पाण्याकडे कौतुकाने बघणारी बाई हजर! एक कारागीर तर तारा डाग देऊन जोडायचं सोल्डरिंग आयर्न तापल्या टोकाशी धरून हसत होता.

मग स्वतःच फोटो काढला. गंज, बोल्ट, माझी सावली, माझा अंगठा, सगळं लख्ख. झडप तेवढी लोखंडाच्या पोटात. वनस्पतिशास्त्रज्ञ कॅमेरा असूनही नव्या जातीचं रेखाचित्र का काढून घेतात, ते तेव्हा कळलं. पेनाला नको ते गाळता येतं.

म्हणून उभा छेद काढायला बसलो. पाइपाच्या दोन रेघा ओढल्या आणि पेन्सिल अडली. आतलं झाकण वरून लटकतं की खालून उभं राहतं? टेकतं कुठल्या बाजूला? लेखात मी ऐटीत लिहिलं होतं, 'विशिष्ट रचनेमुळे पाणी मागे फिरत नाही.' 'विशिष्ट'खाली अख्खं अज्ञान झाकता येतं. रेघेला मात्र कुठून तरी कुठे तरी जावंच लागतं.

जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ साली गेंडा न पाहता, ऐकीव वर्णन आणि कुणाच्या तरी कच्च्या चित्रावरून काढला. खांद्यावर एक जादा शिंगही दिलं. पुढची दोन शतकं युरोप त्याच गेंड्याच्या नकला काढत राहिला. माझ्या झडपेला एवढं आयुष्य लाभण्याचा धोका नव्हता. तरी मुकाट्याने झडप खोलली. बिजागरी वर. झाकण प्रवाहाच्या दिशेने उघडतं आणि पाणी उलटलं की तेच पाणी त्याला दाबून बंद करतं. लेख पुन्हा लिहिला.

उघडी झडप हिरवी, बंद लाल रंगवली. सहकाऱ्याला दाखवली, तर त्याला लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही, दोन्ही सारख्याच दिसल्या! रंग पुसून तिरप्या रेघा भरल्या. मग फाइल लहान करायला चित्र जेपेगमध्ये साठवलं, तर रेघांभोवती बारीक ठिपक्यांच्या मुंग्या लागल्या. त्या झटकेपर्यंत "३०० डीपीआय हवं", म्हणजे इंचाला तीनशे ठिपके, असा निरोप आला. तेही केलं.

अंक हाती आला. चित्र स्वच्छ, सुबक. क, ख, ग ही अक्षरं सजावटकारांनी 'गर्दी होते' म्हणून काढून टाकली होती. लेखात मात्र सात ठिकाणी छापलंय : 'आकृतीतील ख पाहा.'