फिनिश लाइनवर ड्रोन का उडवला नाही: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू आमच्या सगळ्या टीमने वाचला. तुम्ही लिहिलंय की मॅरेथॉनच्या शूटसाठी आम्हाला बुक केलं आणि आम्ही ऐन फिनिश लाइनवर ड्रोन उडवायला नकार दिला, स्टार्टला धावणाऱ्यांच्या डोक्यावरून टॉप शॉट मागितला तर बाजूनेच घेतला, बॅटरी अर्धा तास चालते म्हणून सांगितलं आणि वीस मिनिटांत ड्रोन खाली आणला, आणि ड्रोन चालवायचं ऍप उडवू देत असताना "नियमांची कारणं सांगून काम टाळलं". एवढी तयारी करून इव्हेंट उभा करायचा आणि शेवटचा शॉट हवा तसा मिळाला नाही तर वाईट वाटणारच, ते कळतं. पण काम टाळलं हे आम्हाला मान्य नाही. आणि हे वाचून उद्या दुसरा कोणी आयोजक तोच शॉट दुसऱ्या कोणाकडून हट्टाने करून घेईल अशी भीती वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी फिनिश लाइन. बुकिंग झालं तेव्हा तुम्ही दिलेल्या रूटमध्ये फिनिश वेगळीकडे होती, त्या जागेची सगळी तपासणी आम्ही केली होती. शेवटच्या आठवड्यात फिनिश ज्या मैदानावर हलवली ते मैदान रनवेच्या सरळ रेषेत, साधारण दोन किलोमीटरवर आहे. तुम्ही म्हणालात विमान केवढ्या उंचावरून जातं, आपला ड्रोन कुठे तिथे पोचणार. सर, उतरणारं विमान साधारण 3 अंशांच्या कोनात खाली येतं, म्हणजे रनवेच्या टोकापासून दोन किलोमीटरवर ते जमिनीपासून जेमतेम 120 मीटरवर असतं. आणि बहुतेक देशांत ड्रोनला जास्तीत जास्त जी उंची दिलीये ती पण 120 मीटरच, म्हणजे 400 फूट. इतर ठिकाणी या दोघांमध्ये भरपूर हवा मोकळी असते, तुमच्या मैदानावर ती नव्हतीच. शिवाय ऍम्ब्युलन्सचं किंवा पोलिसांचं हेलिकॉप्टर याच्याही खालून जाऊ शकतं आणि त्याच्या पायलटला एवढासा ड्रोन वेळेत दिसत नाही. अशा जागी उडवायचं तर विमानतळाच्या कंट्रोलची लेखी परवानगी लागते आणि ती तीन-चार दिवसांत हातात पडत नाही.

लंडनच्या गॅटविक एअरपोर्टचं उदाहरण बघा, डिसेंबर 2018 मध्ये तिथे ड्रोन दिसल्याचे रिपोर्ट येत राहिले म्हणून ऐन ख्रिसमसच्या तोंडावर रनवे पुन्हा पुन्हा बंद ठेवावा लागला, साधारण 1000 फ्लाइट्स आणि 1 लाख 40 हजार प्रवाशांना फटका बसला. धडक वगैरे काही झाली नव्हती, नुसतं कोणीतरी ड्रोन पाहिला एवढ्यावर हे झालं.

आता ऍपचं. ऍपने लॉक लावून उड्डाण अडवलं नाही, नुसती वॉर्निंग दिली, मग अडचण काय, असं तुम्ही विचारलंत. ऍपमधला नकाशा ड्रोन बनवणाऱ्या कंपनीचा असतो, परवानगी मात्र त्या देशाची विमान वाहतूक यंत्रणा देते. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत बरेचसे सक्तीचे लॉक काढून तिथे फक्त वॉर्निंग ठेवली, म्हणून काही तिथला कायदा सैल झाला नाही, जबाबदारी पूर्णपणे उडवणाऱ्यावर आली इतकंच. ऍप उघडं असलं तरी आमच्या पायलटचं लायसन्स जाऊ शकतं, आणि आयोजक म्हणून चौकशीला तुम्हालाही बोलावू शकतात.

गर्दीवरचा टॉप शॉट हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. तुम्ही लिहिलंय "इतके ड्रोन उडतात, कुठे पडतात?" पडतात सर. आणि नेमके स्पर्धांमध्येच पडलेत. डिसेंबर 2015 ला इटलीत मॅडोना डी कॅम्पिलिओला स्की वर्ल्ड कपची रेस चालू असताना मार्सेल हिर्शर या स्कीपटूच्या अगदी पाठीमागे शूटिंगचा ड्रोन येऊन आदळला, टीव्हीवर लाइव्ह, थोडक्यात वाचला तो. एप्रिल 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटनच्या ट्रायथलॉनमध्ये ड्रोन खाली आला आणि एक स्पर्धक जखमी झाली, डोक्याला टाके पडले, ड्रोन थेट लागला की दचकून ती पडली यावर नंतर वाद झाला पण माझ्या मते त्याने काही फरक पडत नाही, धावणाऱ्या माणसाला दचकवून पाडणं हाही अपघातच.

आमचा ड्रोन 900 ग्रॅमचा आहे. चार मोटरवाल्या ड्रोनची एक मोटर किंवा एक प्रोपेलर गेला की तो तरंगत तरंगत खाली येत नाही, गिरक्या घेत पडतो. 40 मीटरवरून जमिनीवर यायला तीन सेकंद लागतात आणि हवेचा अडथळा सोडला तर वेग ताशी 100 किलोमीटरपर्यंत जातो, हवेमुळे थोडा कमी. स्टार्ट लाइनवर खांद्याला खांदा लावून उभी असलेली हजारो माणसं, कानात इयरफोन, वर कोणाचंच लक्ष नाही, तीन सेकंदात कोण कुठे सरकणार?

आणि खराबी फक्त मोटरचीच होते असं नाही. ड्रोनचा सिग्नल बहुतेक वेळा 2.4 किंवा 5.8 गिगाहर्ट्झवर चालतो, वायफाय आणि ब्लूटूथ पण त्याच पट्ट्यात, त्यामुळे एवढे फोन, घड्याळं, हॉटस्पॉट एकत्र आले की लिंक अचानक कमजोर होऊ शकते. लिंक तुटली की ड्रोन सहसा आपोआप परत निघतो, सेट केलेल्या उंचीवर चढतो आणि टेकऑफच्या जागेकडे सरळ रेषेत येतो. मध्ये काय आहे हे तो विचारत नाही. म्हणून आमच्या पायलटने टेकऑफची जागा मुद्दाम मोकळ्या बाजूला घेतली, म्हणजे ड्रोन परत आला तरी माणसांवरून येणार नाही. तुम्हाला ती जागा "लांब कुठेतरी कोपऱ्यात" वाटली, ती तशीच निवडली होती. बाजूने तिरका घेतलेला शॉट त्याच कारणाने, आणि खरं सांगतो, त्यात माणसांचे चेहरे दिसतात, वरून नुसत्या टोप्या दिसल्या असत्या.

249 ग्रॅमचा छोटा ड्रोन तरी आणायचा, त्याला कुठे नियम आहेत, असंही तुम्ही लिहिलंय. 250 ग्रॅमच्या आत आलं की बऱ्याच ठिकाणी नोंदणीत आणि लायसन्सच्या बाबतीत सूट मिळते हे खरं, पण सूट म्हणजे मोकळं रान नव्हे. युरोपात साध्या ओपन कॅटेगरीत, म्हणजे वेगळी परवानगी न घेता उडवता येतं त्या प्रकारात, जमावावरून उडवायला बंदीच आहे, मग ड्रोन कितीही हलका असो. विमानतळाजवळची बंधनं पण वजन कमी केल्याने संपत नाहीत.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. अर्धा तास हा आकडा कंपनीचा, वारा नसताना काढलेला. त्या सकाळी गारठा होता आणि वर वारा होता, दोन्हीने बॅटरी लवकर उतरते आणि थंडीत व्होल्टेज एकदम खाली येतं. आम्ही 30 टक्क्यांवर ड्रोन उतरवतो, नेहमीच. तरी बुकिंगच्या वेळी बोलताना "हवेनुसार वीस ते पंचवीस मिनिटं" असं म्हणायला आता टीमला सांगितलंय, म्हणजे समोरच्याची अपेक्षा आधीच नीट ठरेल.

आणि एक मुद्दा तुमच्या रिव्ह्यूत नाही पण त्या दिवशी तुमचे सहकारी यावरून आमच्या पायलटवर चिडले होते. पहिल्या नंबरच्या धावपटूच्या मागे वळणापलीकडे ड्रोन नेला नाही. तिथे तो डोळ्यांना दिसला नसता, आमचा स्पॉटर, म्हणजे ड्रोनवर नजर ठेवणारा माणूस, पण अलीकडेच होता. स्क्रीनवर दिसतं की, असं सगळे म्हणतात, पण स्क्रीनवर फक्त कॅमेऱ्यासमोरचं दिसतं, वरून किंवा बाजूने काय येतंय ते नाही. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात नेमकं हेच झालं, एकाने आग बघायला ड्रोन सुमारे अडीच किलोमीटर लांब नेला, तो नजरेआड झाला आणि पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला धडकून पंखाला भोक पडलं. शहर जळत असताना ते विमान दुरुस्तीसाठी खाली बसवावं लागलं. याचा मला अजूनही राग येतो.

फिनिशचं शूट आम्ही उंच पोलवरच्या कॅमेऱ्याने आणि जिम्बलने, म्हणजे कॅमेरा न हलता धरणाऱ्या स्टँडने, केलं, त्या वेळचे ड्रोनचे पैसे बिलात लावलेले नाहीत, बिल परत एकदा बघा. रूटच्या कडेच्या घरांच्या खिडक्या जिथे फ्रेममध्ये आल्या तेवढा भाग कापलाय, म्हणून दोन क्लिप छोट्या वाटतील. पूर्ण फुटेजची लिंक तुमच्या ईमेलवर परत पाठवलीये, महिनाभर चालू राहील. पुढच्या वर्षी फिनिश त्याच मैदानावर ठेवणार असाल तर तारीख आणि रूट दोन-तीन महिने आधी कळवा, परवानगीचा अर्ज आम्ही स्वतः करतो. मिळाली तर जी उंची आणि वेळ ठरवून देतील त्यात उडवू, नाही मिळाली तर तेव्हाही पोलवरूनच शूट करू.

— एरियल शूट टीमतर्फे, मालक