‘आधी स्वतः वापरून बघा, मग लिहा’: कोपरखैरण्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. दोन-तीन मशीनवरचे फोल्डर आपोआप एकसारखे ठेवणाऱ्या (म्हणजे ‘सिंक’ करणाऱ्या) सिंकथिंग या सॉफ्टवेअरवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंत. ‘दहा मिनिटांत होतं’ म्हणालो, तुमच्या दोन संध्याकाळी गेल्या. वीज जाऊन आली की ऑफिसातल्या उबुंटूवर (म्हणजे लिनक्सवर) सिंक बंद. वहिनींनी घरच्या विंडोज लॅपटॉपवर जुना फोल्डर काढला, तर ऑफिसातलाही गेला. तीन फायली अजून अडकलेल्या. वर ‘यापेक्षा गूगल ड्राइव्ह बरं’.

वापरतो हो. नौपाड्यात माझं डीटीपीचं दुकान, घर कासारवडवलीला. पेन ड्राइव्ह दुकानात राहिला हे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये आठवलं की काय होतं, ते विचारू नका. पण ती दहा मिनिटं माझ्या तिसऱ्या मशीनची होती. पहिल्याला माझाही अख्खा रविवार गेला होता.

फोल्डर गेला, ती चूक सरळ माझी. लेखात व्हर्जनिंगचा, म्हणजे बदललेल्या-काढलेल्या फायलींच्या जुन्या प्रती जपण्याच्या सोयीचा, शब्दही नव्हता, आणि ते आपण निवडल्याशिवाय चालू होत नाही. त्यातही एक गोम आहे: ज्या मशीनवर ते लावाल, तिथे दुसरीकडून आलेले बदलच ते सांभाळतं. म्हणजे वहिनींच्या लॅपटॉपवर लावून उपयोग नव्हता. ऑफिसच्या मशीनवर व्हर्जनिंगचा ‘ट्रॅश कॅन’ हा प्रकार निवडलेला असता, तर तिथल्याच एका लपलेल्या फोल्डरात सगळं मिळालं असतं. दोन्हीकडे लावा. आणि बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्याच, सिंक हा बॅकअप नव्हे.

विजेचं सोपं आहे. माझ्या पद्धतीने बसवलेली सिंकथिंगची सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) युझरची असते, ती कुणी लॉगिन केल्यावरच उठते. ऑफिसात वीज आली, मशीन सुरू झालं, पण पासवर्ड टाकायला कोण होतं? उबुंटूत अशा सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये त्या युझरसाठी ‘लिंगर’ एकदा चालू करा, मग लॉगिनशिवाय चालेल.

गूगल ड्राइव्हचं मात्र मान्य नाही. लिनक्ससाठी त्यांचं स्वतःचं डेस्कटॉप सॉफ्टवेअरच नाही. ऑफिसात उबुंटू ठेवून ते कसं चालवणार होतात?

राहिल्या तीन फायली. ब्राउझरमध्ये ८३८४ पोर्टवर सिंकथिंगचं जे पान उघडतं, तिथे ‘फेल्ड आयटेम्स’ (अडकलेल्या फायलींची यादी) पाहा. नावं मराठीत आणि लांबलचक असतील, अशी माझी पैज. उबुंटूच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं; काना, मात्रा, हलन्तसुद्धा. ‘लग्न’ दिसायला दोन अक्षरं, पण १२ बाइट्स. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोज बाइट्स मोजत नाही, त्यामुळे तिथे ती फाइल सुखाने नांदते. माझी अडकलेली फाइल एका लग्नपत्रिकेची होती: दोन्हीकडची नावं, गाव, कार्यालय, तारीख आणि शेवटी ‘दुरुस्ती नक्की शेवटची’. लॅपटॉपवर नाव आखूड केलं, मिनिटभरात दुकानात पोचली. तुमचीही तिथूनच बदलून पाहा. लेखातली ‘दहा मिनिटं’ मी आज खोडली.